खत कोणासाठी?

युरियाच्या पोत्यावर ४६ टक्के नत्र असं छापलेलं असतं. घरच्या ओल्या कचऱ्याचं खत प्रयोगशाळेत तपासून घेतलं, तर नत्राचा आकडा बहुधा एक-दोन टक्क्यांच्या घरात येतो. म्हणजे तीन-चार महिने डबा सांभाळून, चिलटं हाकलून, घरच्यांची कुरकुर ऐकून जे किलोभर खत हाती येतं, त्यातलं नत्र दोन मोठे चमचे युरियात सहज मिळतं. हिशेब एवढाच असेल तर हा उद्योग आतबट्ट्याचा आहे आणि शहाण्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

बागेतला अनुभव मात्र या हिशेबाशी जुळत नाही. ज्या कुंडीला नुसता युरिया मिळतो, ती आधी तरारते, पानं गर्द हिरवी होतात. आणि वर्ष-दोन वर्षांत तिची माती कडक होते, घातलेलं पाणी कडेकडेने थेट खालच्या थाळीत उतरतं. ज्या कुंडीला घरचं खत मिळतं, तिथला मोगरा सावकाश वाढतो. पण माती भुसभुशीत राहते आणि एप्रिलच्या उन्हात एखादा दिवस पाणी चुकलं तरी झाड मान टाकत नाही. दोन टक्केवालं खत ४६ टक्केवाल्याला भारी पडतं ते कसं?

हे कोडं वाटतं, कारण हिशेब मांडतानाच आपण एक गोष्ट गृहीत धरलेली असते: खत झाडासाठी असतं. खरं तर खत मातीसाठी असतं, आणि झाडाचं पुढचं माती पाहते. ही एक गोष्ट नीट उमगली की ओलं किती घालायचं, सुकं किती, पाणी केव्हा, ढवळायचं कशासाठी, हे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचत जातात. म्हणून ती जरा सावकाश पाहू.

झाड खातं काय, हा प्रश्न जुना आहे. ब्रसेल्सचे वैद्य यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंट यांनी त्याचं उत्तर तराजूने शोधायचं ठरवलं. वाळवून मोजलेली २०० पौंड माती त्यांनी एका कुंड्यात भरली, तिच्यात पाच पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला पाण्याखेरीज काही दिलं नाही. पाच वर्षांनी झाड भरलं १६९ पौंड. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती घटली होती अवघी दोन औंस. त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हे लेखन छापलं गेलं. झाड सगळं पाण्यातूनच घडतं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो अर्धाच बरोबर होता, कारण झाडाच्या वाळलेल्या वजनाचा बहुतेक भाग हवेतल्या कर्बवायूतून आणि पाण्यातून येतो, हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला. पण तराजू खोटं बोलला नव्हता. झाड मातीतून वजनाने फार थोडं उचलतं. प्रश्न उरतो तो त्या दोन औंसांचा.

ते दोन औंस म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश, चुना, लोह आणि त्यांची भावंडं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपातल्या जाणकारांना वाटायचं की झाड कुजून काळा झालेला पालापाचोळा तसाच्या तसा शोषून घेतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४० च्या ग्रंथात ही समजूत मोडून काढली. मुळं घेतात ती पाण्यात विरघळलेली खनिजं. केळीची साल झाड खात नाही. लीबिगचं म्हणणं बरोबर होतं आणि आजही आहे. त्यातूनच रासायनिक खतांचा विचार पुढे आला, आणि त्या खतांनी जगाची भूक मोठ्या प्रमाणात भागवली, हेही नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या मांडणीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. ही खनिजं विरघळवतं कोण? पहिल्याच पाण्याबरोबर ती वाहून जाऊ नयेत म्हणून धरून कोण ठेवतं? आणि रोज थोडी थोडी मुळाशी आणून कोण देतं? युरियाच्या पोत्याचं उत्तर आहे, तुम्हीच, चमच्याने मोजून. जिवंत मातीचं उत्तर वेगळं आहे.

एक ग्रॅम सुपीक मातीत जिवाणूंची संख्या कोटींच्या हिशेबात असते. त्यांच्या जोडीला बुरशीचे धागे, एकपेशीय प्राणी, डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी, आणि दिसणारी गांडुळं. केळीची साल मातीत पडली की जिवाणू आणि बुरशी ती फोडतात आणि तिच्यातलं नत्र स्वतःच्या शरीरात साठवतात. तिथे असेपर्यंत ते पाण्याने वाहून जात नाही. झाडालाही मिळत नाही. मग एकपेशीय प्राणी आणि सूत्रकृमी या जिवाणूंना खातात. जिवाणूंच्या अंगात नत्र भरपूर. खाणाऱ्यांना तेवढं लागत नाही. उरलेलं ते अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात, आणि हे सगळं बहुतांशी मुळांच्या आसपासच चालतं. कारण झाड पानांत तयार केलेल्या साखरेचा एक वाटा मुळांवाटे बाहेर सोडून या सगळ्या जिवांना तिथे बोलावत असतं. देवाणघेवाण अशी आहे. म्हणून मातीतलं नत्र झाडाला हप्त्याहप्त्याने मिळतं, आणि माती गरम-ओलसर असते तेव्हा, म्हणजे झाडाला त्याची गरज असते तेव्हाच, जास्त मिळतं.

हेच जीव मातीची घडणही करतात. जिवाणूंचे चिकट स्राव, बुरशीचे धागे, गांडुळांची विष्ठा यांनी मातीचे कण एकमेकांना धरून त्यांचे रवे बनतात. रव्यांच्या आत पाणी राहतं, मधल्या फटींतून हवा खेळते. गांडुळांच्या या कामाची थोरवी चार्ल्स डार्विनना इतकी वाटली की १८८१ मध्ये आलेलं त्यांचं शेवटचं पुस्तक त्यांनी गांडुळांवर लिहिलं. आता कुंडी कडक का झाली ते कळतं. युरियात नत्र आहे, पण या जिवांना पोसणारा कर्ब जवळजवळ नाही. मातीत होता तो सेंद्रिय कर्ब ते खात राहतात, नवा येत नाही, साठा संपतो, गर्दी पांगते, रवे विस्कटतात. झाडाला जेवण मिळत असतं. स्वयंपाकघर मात्र ओसाड पडलेलं असतं.

मातीला खाऊ घालण्याचा हा विचार शास्त्रशुद्ध पद्धतीत बसवण्याचं मोठं काम झालं ते होळकरांच्या इंदुरात. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये हिंदुस्थानात आले. इथल्या शेतकऱ्याला शिकवायला आलेला हा माणूस त्याच्याकडून शिकत गेला. १९२४ पासून इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर लावून, ठरावीक वेळी उलथवून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने तिचं पुस्तक निघालं आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. या पद्धतीतली कुठलीच वस्तू इथल्या शेतकऱ्याला नवी नव्हती. नवी होती ती दृष्टी. उकिरड्यावर जे बारा महिने आपलं आपण, कसंबसं होत होतं, ते करणाऱ्या जिवांना काय हवं याचा हॉवर्ड-वाडांनी विचार केला आणि तेवढं पुरवलं. उकिरड्याचे पांग फिटले, आणि त्याला बारा वर्षं लागली नाहीत.

पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी हाच विचार शेण कमी असलेल्या शेतकऱ्यासाठी पुढे नेला. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखलं जाणारं ‘नाडेप’ टाकं म्हणजे विटांचा तीन फूट उंचीचा हौद, ज्याच्या भिंतींत मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. काडीकचरा, माती आणि शंभरेक किलो शेणाचा काला एवढ्यावर एका टाक्यातून सुमारे तीन टन खत मिळतं. शेण इथे विरजणापुरतं. खरी मदार कचऱ्यावर आणि भिंतीतल्या भोकांवर. उलथवण्याची मेहनत त्या भोकांनी वाचवली.

इंदूरचा ढीग आणि पुसदचं टाकं, दोन्ही गॅलरीत मावणार नाहीत. पण तत्त्व मावतं. बादली, जुना माठ, भाजीचा क्रेट, काहीही घ्या. त्याला कचऱ्याचा डबा म्हणू नका, छोटासा गोठा समजा. आत जनावरं आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत इतकंच. गोठ्यातल्या जनावराला लागतो चारा, पाणी आणि हवा. यांनाही तेवढंच लागतं.

आधी चारा. जिवाणूच्या शरीरात नत्राच्या एका भागाला कर्बाचे सुमारे आठ भाग असतात. पण अंग घडवायला आठ भाग लागले तर ते घडवण्याच्या श्रमात आणखी सोळाच्या आसपास श्वासावाटे जळून जातात. म्हणून त्यांच्या जेवणात एका भाग नत्राला पंचवीस ते तीस भाग कर्ब असला की ते खूश. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात हे प्रमाण एकास पंधरा-वीस, म्हणजे नत्र जास्त, कर्ब कमी. वाळक्या पानांत ते एकास पन्नासच्या आगेमागे, म्हणजे उलटं. दोन्ही एकत्र आली की पंगत जमते. वजनाने सांगायचं तर तीन किलो ओल्या कचऱ्याला साधारण एक किलो सुका पाचोळा. वाटीने मोजायचं तर एक वाटी ओल्याला दीड-दोन वाट्या चुरलेली पानं. पाचोळा नसेल तर नारळाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा, वर्तमानपत्राचे कपटे चालतात. लाकडाचा भुसा जपून वापरावा. त्यात कर्ब इतका जास्त आणि नत्र इतकं थोडं असतं की काम अडून बसतं.

मग पाणी. मिश्रण मुठीत घट्ट दाबलं की बोटांच्या फटींतून एखाद-दुसरा थेंब दिसावा. धार लागली तर जास्त झालं, मूठ कोरडी राहिली तर कमी. आपल्या भाज्यांच्या सालींत ओल इतकी असते की पाणी घालण्यापेक्षा शोषून घेण्याचीच वेळ जास्त येते; पावसाळ्यात तर नक्कीच.

आणि हवा. डब्याला तळाशी आणि बाजूंना भोकं हवीत, तळाशी पाचोळ्याचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा चार बोटं थर हवा, आणि आठवड्यातून एकदा-दोनदा काठीने किंवा खुरप्याने हलवून घ्यायला हवं. पाचोळ्याचं दुसरं काम इथे दिसतं. ओल्या साली एकमेकींना चिकटून लगदा करतात; पानं मध्ये शिरून त्यांना सुटं ठेवतात.

हे तिन्ही कळले की डब्याच्या तक्रारी आपल्यालाच वाचता येतात. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास आला, तर नत्र जास्त झालंय: पाचोळा घाला. कुजक्या अंड्यांसारखी घाण आली, तर हवा संपून दुसऱ्याच जातीच्या जिवाणूंनी ताबा घेतलाय: उकरून मोकळं करा, सुकं मिसळा. काहीच घडत नाही आणि मुंग्या झाल्यात, तर कोरडं पडलंय: पाणी शिंपडा. चिलटं झाली, तर वरचा कचरा उघडा आहे: प्रत्येक वेळी ओल्यावर सुक्याचं पांघरूण घाला. पांढुरक्या, जाडसर अळ्या दिसल्या तर दचकू नका. त्या बहुधा एका काळ्या, लांबट माशीच्या असतात. ती माशी आपल्या ताटावर बसत नाही, आणि अळ्या कचरा झपाट्याने संपवतात. वास आला म्हणून वर औषध फवारणं हा मात्र गोठ्यातली जनावरं मारण्याचा प्रकार.

काय घालावं, काय नाही, याच्या लांबलचक याद्याही मग लागत नाहीत. चहाचा चोथा, साली, देठं, दोरा काढलेलं निर्माल्य, चुरलेली अंड्याची टरफलं, सगळं चालतं. तुकडे जितके बारीक तितकं काम लवकर, कारण चावायला जागा जास्त. लिंबाच्या साली थोड्या असल्या तर हरकत नाही. लोणच्याचा खार, तळणीचं तेल, मटणमासळीची हाडं छोट्या डब्यात नकोत. मीठ आणि तेल जिवाणूंना मानवत नाही आणि वास उंदरांना मानवतो. आंब्याची कोय आणि नारळाची करवंटी यांची वाट पाहण्यात अर्थ नाही. विरजण म्हणून आंबट ताक, गुळाचं पाणी, शेण यांपैकी काहीही चालतं. पण आधीच्या खताची किंवा मोठ्या झाडाखालच्या मातीची एक मूठ सगळ्यांत साधी. विकतच्या पुडीवाचून काही अडत नाही.

घरच्या डब्याची एक मर्यादा माहीत असलेली बरी. मीटरभर लांब, रुंद, उंच ढिगाच्या पोटात जिवाणूंच्या कामाची उष्णता साठून तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढतं. तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू त्यात मरतात. बादलीएवढ्या ढिगातून ही ऊब निसटून जाते. म्हणून घरच्या खतातून टोमॅटो, भोपळा, पपई यांची रोपं न लावता उगवतात. रोग पडलेली पानं त्यात घालू नयेत, बाकी बिघडत काही नाही. काम सावकाश होतं एवढंच.

किती दिवसांनी होतं? दोन-तीन महिने कुजायला आणि त्यापुढे एक महिना निवायला. म्हणून डबे दोन हवेत: एक भरता, एक मुरता. या काळात भरलेला डबा खाली खाली बसत जातो आणि शेवटी पाव-पंचमांश उरतो, तेव्हा नवख्याचा हिरमोड होतो. पण गेलं ते वाया गेलेलं नाही. ते पाणी होऊन उडालं आणि जिवांच्या श्वासावाटे कर्बवायू होऊन हवेत गेलं. ती त्यांच्या जेवणाची किंमत आहे. उरलं ते त्यांनी पचवून ठेवलेलं.

अर्धवट खत कुंडीत घालण्याची घाई नडते. कुजण्याचं उरलेलं काम मग मुळांशी चालतं. जिवाणू त्यासाठी आसपासचं नत्र उचलतात आणि झाडाची पानं पिवळी पडतात. तयार खत गडद रंगाचं, मोकळं, हाताला गार लागतं आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. तो वास ज्या जिवाणूंचा, त्यांच्याच कुळातल्या एकापासून १९४३ मध्ये क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. नाकावर भरवसा नसेल तर अळीव वापरा. एका वाटीत खत आणि माती समसमान, दुसरीत नुसती माती; दोन्हींत मोजून अळीव पेरा आणि ओलसर ठेवा. चार-पाच दिवसांत दोन्हीकडे सारखेच उगवले तर खत तयार आहे. खताच्या वाटीत कमी उगवले किंवा मुळं करपली, तर त्याला आणखी काही आठवडे द्या.

वापरताना खत जास्त तितकं चांगलं, असंही नाही. नवी कुंडी भरताना तिसरा हिस्सा पुरे, कारण खत पुढेही कुजत राहतं आणि निम्म्याहून अधिक असलं तर कुंडी खचते. जुन्या कुंडीला तीन-चार महिन्यांनी दोन मुठी, वरची माती हलकेच उकरून. त्यावर पाचोळ्याचं आच्छादन घातलं की ओल टिकते आणि खालच्या जिवांचं जेवण वरून झिरपत राहतं. निवडुंग आणि कोरफड यांना हे लाड नकोत. तुळस, कढीपत्ता, मिरची, जास्वंद, मोगरा यांना मानवतात.

आता शहराकडे पाहू. मुंबईच्या देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. तिथल्या डोंगरात हवा नसते, म्हणून ओला कचरा कुजताना मिथेन तयार होतो. २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसला. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा करणं घराघरावर बंधनकारक केलं. पण नियमाच्या धाकाने वेगळा केलेला कचरा आणि मातीसाठी राखून ठेवलेला घास यांत फरक आहे. पहिला दारातून जाईपर्यंतच आपला असतो.

आणि याच शहरांत फेब्रुवारी-मार्चची पानगळ सुरू झाली की सोसायट्यांच्या कोपऱ्यांत सकाळी पाचोळ्याचे ढीग पेटतात. वरच्या मजल्यावर कोणी तरी दुकानातून नारळाच्या भुशाच्या विटा विकत आणत असतो, कारण डब्याला सुकं कमी पडतं. बदाम, वड, पिंपळ, शिरीष यांनी वर्षभराचा चारा फुकट अंगणात आणून टाकला, आणि आपण त्याचा धूर केला. राखेत पालाश आणि चुना उरतो; कर्ब आणि नत्र, म्हणजे मातीच्या जिवांना जे हवं तेच, उडून जातं.

म्हणून खत करायचं मनात असेल, तर डबा घ्यायला धावू नका. आधी सोसायटीच्या सफाई कामगाराला सांगा की पानं जाळू नका, मला द्या. दोन पोती भरून कोरड्या जागी ठेवा. डबा कोणताही चालेल, आणि तो नंतर आणला तरी चालेल.